मागच्या फळीचा जर्नेल

विद्यार्थी मित्रांनो, रविवारी सकाळी तुम्ही कधी जुहूच्या किनाऱ्यावर गेला आहात का? ओहोटी लागली की समुद्र दूर सरकतो आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. मग मुलांचे घोळके तेथे जमतात. चपलांच्या जोड्या मांडून दोन गोल तयार होतात, दोन संघ पडतात आणि फुटबॉलचा खेळ रंगतो.

खेळ सुरू होण्यापूर्वी मात्र एक भांडण हमखास होते. प्रत्येकाला पुढे खेळायचे असते. प्रत्येकाला गोल करायचा असतो. मागे उभे राहायला कोणीच तयार नसतो. शेवटी जो वयाने सर्वांत लहान असेल, किंवा ज्याला नीट पळता येत नाही असे इतरांना वाटत असेल, त्याला मागे उभे केले जाते. तो बिचारा हिरमुसला होऊन उभा राहतो.

तुमच्यावरही कधी अशी पाळी आली असेल. आली असेल, तर ही गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी आहे. आपल्या देशात एक असा खेळाडू होऊन गेला, ज्याने आपले बहुतेक सारे आयुष्य मागे उभे राहण्यात घालवले. तरीही त्याच्या काळात त्याचे नाव सगळ्या आशियात गाजले. त्या खेळाडूचे नाव होते जर्नेलसिंग.

तुम्ही उर्दू शाळेत शिकता. ‘जर्नेल’ या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नकोच. जर्नेल म्हणजे सेनापती. सेनापती पुढे असतो की मागे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. या गोष्टीच्या शेवटी त्याचे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे.

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. सर्वांत मागे गोलरक्षक. त्याच्यापुढे बचावपटू, मग मधल्या फळीचे खेळाडू आणि सर्वांत पुढे आघाडीवीर. आघाडीवीराने दहा वेळा चेंडू गोलाबाहेर मारला आणि अकराव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. बचावपटूचे तसे नाही. त्याने दहा वेळा चेंडू अडवला आणि अकराव्या वेळी तो चुकला, तर लोकांच्या लक्षात ती एकच चूक राहते. त्याचे काम चांगले झाले की काहीच घडत नाही. गोल होत नाही, ओरडा होत नाही. म्हणून बचावपटूचे काम डोळ्यांत भरत नाही. पण पाया दिसत नाही म्हणून इमारत पायावाचून उभी राहते का?

जर्नेलसिंग यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1936 रोजी एका शेतकरी शीख घराण्यात झाला. त्यांचे पूर्ण नाव जर्नेलसिंग धिल्लाँ. त्यांचे सुरुवातीचे शिक्षण लायलपूर भागात झाले. हे लायलपूर म्हणजे आजच्या पाकिस्तानातील फैसलाबाद. 1947 साली देशाची फाळणी झाली. लाखो माणसांना आपली घरे, शेते, विहिरी आणि शेजारी सोडून सीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे जावे लागले. जर्नेलसिंग तेव्हा अकरा वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाचे. पुढे पूर्व पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातील पनाम हे त्यांचे गाव झाले.

होशियारपूर जिल्ह्याला फुटबॉलचे मोठे वेड आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली क्रिकेट चालते, तसा तेथे खेड्यापाड्यांत फुटबॉल चालतो. त्या जिल्ह्यातच माहिलपूर नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील खालसा महाविद्यालयाचे प्राचार्य हरभजनसिंग यांनी मुलांना फुटबॉलची गोडी लावली. त्या मैदानावर तयार झालेले अनेक खेळाडू पुढे देशासाठी खेळले. जर्नेलसिंग याच महाविद्यालयात शिकले. उंच, धिप्पाड शरीर, वाऱ्याशी स्पर्धा करणारा वेग आणि भीती म्हणजे काय हे ठाऊक नसलेले मन, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती.

त्या काळी फुटबॉलमध्ये नाव काढायचे, तर कलकत्त्याला जावे लागे. आज आपण त्या शहराला कोलकाता म्हणतो. जर्नेलसिंगही तेथे गेले. आधी खालसा स्पोर्टिंग आणि मग राजस्थान क्लब या संघांकडून ते खेळले. त्यांचा खेळ जाणकारांच्या नजरेत भरला आणि 1959 साली मोहन बागान या नामवंत संघाने त्यांना बोलावून घेतले.

मोहन बागानची कीर्ती फार जुनी आहे. इंग्रजांचे राज्य असताना, 1911 साली, या संघाने एका इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. बहुतेक सारे खेळाडू अनवाणी होते. या संघात मोठ्या बचावपटूंची परंपराच होती. गोष्ठ पाल यांचा बचाव इतका भक्कम होता, की लोक त्यांना चीनची भिंत म्हणत. त्यांच्यानंतर आले शैलेन मन्ना. 1951 साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. त्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. मन्ना यांची कारकीर्द संपत आली होती, त्याच वेळी जर्नेलसिंग मोहन बागानमध्ये आले. जुन्या भिंतीच्या जागी नवी भिंत उभी राहिली.

ही भिंत मात्र जागच्या जागी उभी राहणारी नव्हती. समोरून आघाडीवीर चेंडू घेऊन धावत आला, की जर्नेलसिंग त्याची वाट पाहत थांबत नसत. ते स्वतःच त्याच्या अंगावर धावून जात. जमिनीवरून घसरत जाऊन ते अचूक चेंडू काढून घेत. उंच आलेला चेंडू उडी मारून डोक्याने परतवून लावीत. त्यांच्या धडकेने भलेभले खेळाडू दचकत. त्यांचा खेळ दणकट होता. तो कधी कधी फार राकट होतो, अशी तक्रार विरुद्ध बाजूचे लोक करीत. पण चेंडूसाठी झुंजताना स्वतःला लागेल, हाड मोडेल, याची पर्वाही त्यांनी कधी केली नाही.

1962 ते 1965 अशी लागोपाठ चार वर्षे मोहन बागानने कलकत्ता लीग जिंकली. 1963, 1964 आणि 1965 अशी लागोपाठ तीन वर्षे ड्युरँड चषक जिंकला. या सर्व वर्षांत मागची फळी जर्नेलसिंग यांच्या भरवशावर उभी होती.

मुंबईलाही या खेळाडूंचे दर्शन घडत असे. आपल्या शहरात मंत्रालयाजवळ कूपरेजचे मैदान आहे. तेथे रोव्हर्स चषकाचे सामने भरत. 1891 साली सुरू झालेली ही स्पर्धा देशातील फार जुन्या स्पर्धांपैकी एक होती. 2001 नंतर ती बंद पडली. पण त्या काळी रोव्हर्सचे सामने म्हणजे मुंबईकरांना पर्वणीच असे. 1966 साली मोहन बागानने हा चषक जिंकला, तेव्हा जर्नेलसिंग त्या संघाचा कणा होते.

याच रोव्हर्स चषकाने मुंबईला आणखी एका मोठ्या माणसाची ओळख करून दिली होती. 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने तो चषक जिंकला होता. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. रहीम साहेब पेशाने शिक्षक. हैदराबादच्या शाळांतून त्यांनी मुलांना शिकवले होते. ते शिस्तीचे कडक होते. प्रत्येक खेळाडूचा गुण ते बारकाईने हेरत. पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला, तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. त्या स्पर्धेत मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले होते.

जर्नेलसिंग भारतीय संघात आले आणि त्यांना रहीम साहेबांसारखा गुरू मिळाला. 1960 साली रोमला ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असे बलाढ्य संघ होते. हंगेरीने भारताला हरवले, पण अवघ्या 2–1 अशा फरकाने. फ्रान्सशी 1–1 अशी बरोबरी झाली. पेरूविरुद्ध मात्र 3–1 अशी हार पत्करावी लागली. भारत पुढच्या फेरीत गेला नाही. पण हे सामने पाहणाऱ्यांच्या नजरेत भारताच्या मागच्या फळीतला हा तगडा शीख खेळाडू भरला.

मित्रांनो, आता आपण 1962 सालाकडे वळू. जर्नेलसिंग यांच्या आयुष्यातील आणि भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना आहे.

त्या वर्षी इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता येथे चौथे आशियाई खेळ भरले होते. भारतीय संघाचे कर्णधार होते चुनी गोस्वामी. त्यांच्या जोडीला प्रदीपकुमार बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम हे आघाडीवीर होते. मुंबईच्या संघांकडून खेळणारे फ्रँको आणि चंद्रशेखर हेही संघात होते. कोणी बंगाली, कोणी पंजाबी, कोणी तेलुगू, कोणी मल्याळी, तर कोणी गोव्याचा. भाषा वेगळ्या, धर्म वेगळे. प्रशिक्षक अर्थातच रहीम साहेब.

सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला 2–0 असे हरवले. पुढचा सामना थायलंडशी होता. तो भारताने 4–1 असा जिंकला, पण या विजयाची फार मोठी किंमत मोजावी लागली. चेंडूसाठी झुंजताना जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जबर दुखापत झाली. जखमेला टाके घालावे लागले. डोक्याला पट्टी बांधून ते बसून राहिले.

त्यांच्यावाचून संघाची मागची फळी दुबळी झाली होती. तरीही जपानला 2–0 असे हरवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. आता गाठ दक्षिण व्हिएतनामशी होती. रहीम साहेबांपुढे मोठा पेच पडला. जर्नेलसिंग खेळायला उतावीळ होते. पण बचावपटूला उंच आलेले चेंडू पुन्हा पुन्हा डोक्याने परतवावे लागतात. टाके घातलेल्या डोक्याने हे काम कसे करणार? त्यांना बसवून ठेवावे, तर संघातील सर्वांत धाडसी खेळाडू वाया जातो. खेळवावे, तर जखम उघडण्याची भीती.

रहीम साहेबांनी यातून एक वेगळाच मार्ग काढला. त्यांनी जर्नेलसिंगना मागे उभे न करता सर्वांत पुढे, आघाडीच्या मध्यभागी खेळवायचे ठरवले. ऐकणाऱ्यांना नवलच वाटले असेल. वर्षानुवर्षे गोल अडवणाऱ्या माणसाला आता गोल करायला सांगितले होते. विचार करा, किल्ल्याच्या दरवाजावरचा पहारेकरी एका रात्रीत हल्ला करणाऱ्या घोडेस्वारांच्या पुढे नेमला, तर कसे वाटेल?

पण रहीम साहेबांनी आपल्या शिष्याला नीट ओळखले होते. या खेळाडूची ताकद, उंची आणि निर्भयपणा पुढेही तितकाच उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. आणि जर्नेलसिंग यांनीही ही माझी जागा नव्हे, असे म्हणून हट्ट धरला नाही. उपांत्य सामना चुरशीचा झाला. चुनी गोस्वामींनी दोन गोल केले आणि तिसरा गोल केला जर्नेलसिंग यांनी! भारताने तो सामना 3–2 असा जिंकला.

अंतिम सामना 4 सप्टेंबर 1962 रोजी होता. समोर होता तोच दक्षिण कोरियाचा संघ, ज्याने पहिल्या सामन्यात भारताला हरवले होते. पण त्या दिवशी भारताला केवळ कोरियाशी लढायचे नव्हते. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या संघांना या स्पर्धेत येऊ दिले नव्हते. भारताचे एक क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर उघड टीका केली होती. त्यामुळे जाकार्तातील लोक भारतावर संतापले होते. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला होता. त्या वादाशी खेळाडूंचा काहीही संबंध नव्हता. तरी लोकांचा राग त्यांनाच सोसावा लागला.

सेनायनचे भव्य स्टेडियम सुमारे लाखभर प्रेक्षकांनी भरून गेले होते. भारतीय खेळाडूंनी मैदानात पाऊल ठेवताच त्यांची हुर्यो उडवली गेली. आपल्या राष्ट्रगीताच्या वेळीही गोंगाट थांबला नाही. त्या अफाट गर्दीत भारताच्या बाजूने टाळी वाजवणारे कोण होते, माहीत आहे? आशियाई खेळांसाठी आलेला पाकिस्तानचा हॉकी संघ त्या दिवशी प्रेक्षकांत बसून भारताला उत्तेजन देत होता, असे त्या सामन्यातील भारतीय खेळाडू पुढे आयुष्यभर आठवणीने सांगत. ज्या फाळणीने लहानग्या जर्नेलला एका देशातून दुसऱ्या देशात आणले, तिच्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी हे घडत होते.

खेळ सुरू झाला. डोक्याला पट्टी बांधलेले जर्नेलसिंग सर्वांत पुढे होते. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. कोरियाचे खेळाडू सावरतात न सावरतात, तोच तीन मिनिटांनी, विसाव्या मिनिटाला, दुसरा गोल झाला. हा गोल करणारा खेळाडू होता जखमी बचावपटू जर्नेलसिंग!

दोन गोलांची आघाडी मिळाली, पण अजून सत्तर मिनिटे शिल्लक होती. कोरियाने हल्ल्यांवर हल्ले चढवले. मागे अरुण घोष, चंद्रशेखर आणि त्रिलोकसिंग जिवाच्या कराराने लढत होते. आजारातून नुकतेच उठलेले पीटर थंगराज गोल राखत होते. खेळ संपायला पाच मिनिटे उरली असताना कोरियाने एक गोल केला. आता एक गोल झाला की बरोबरी! ती शेवटची पाच मिनिटे किती मोठी वाटली असतील, याची तुम्हीच कल्पना करा. अखेर पंचांची शिट्टी झाली. भारताने 2–1 असा विजय मिळवला होता. भारतीय संघ आशियाचा विजेता ठरला होता.

आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला दोनदाच मिळाले, 1951 साली आणि 1962 साली. त्यानंतर ते पुन्हा मिळालेले नाही.

या विजयानंतर एक वर्षही पुरे झाले नाही, तोच 11 जून 1963 रोजी रहीम साहेब कर्करोगाने मरण पावले. भारतीय फुटबॉल पोरका झाला. त्यांच्या जीवनावर 2024 साली ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. तो कदाचित तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

गुरू गेले, पण त्यांनी दिलेला धडा शिष्याजवळ राहिला. 1964 साली जर्नेलसिंग यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 1965 पासून ते भारतीय संघाचे कर्णधार झाले. 1966 साली आशियातील निवडक खेळाडूंचा एक संघ तयार करण्यात आला, तेव्हा त्याच्या कर्णधारपदाचा मानही त्यांना देण्यात आला. एका बचावपटूला सगळ्या आशियाने आपला पुढारी मानले होते.

कर्णधारपद म्हणजे केवळ मानाची गोष्ट नव्हे. त्याच 1966 साली बँकॉकच्या आशियाई खेळांत भारतीय संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. चार वर्षांपूर्वीचे विजेते रिकाम्या हातांनी परतले. जुने खेळाडू एकेक करून निवृत्त होत होते आणि त्यांच्या तोडीचे नवे खेळाडू मिळत नव्हते. संघ एका विजयाने मोठा होतो, पण मोठा राहायचा असेल तर मागून येणारी मुले तयार करावी लागतात.

दहा वर्षे मोहन बागानची मागची फळी सांभाळून जर्नेलसिंग आपल्या पंजाबात परतले. आता त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. खेळाडू जर्नेलसिंग आता प्रशिक्षक होणार होते.

खेळणे आणि शिकवणे यांत काय फरक आहे, सांगू? खेळाडू चुकला तर तो धावत जाऊन आपली चूक सुधारू शकतो. प्रशिक्षक मात्र रेषेबाहेर उभा असतो. डोळ्यांसमोर चूक होताना दिसते, पण त्याला चेंडूला पाय लावता येत नाही. त्याने जे काही करायचे, ते सामन्यापूर्वी करायचे असते. रोज पहाटे सराव घ्यायचा, मुलांच्या चुका सांगायच्या, कोणाला कोठे उभे करायचे ते ठरवायचे. ज्याच्या अंगात जन्मभर धावून जाण्याची सवय आहे, त्याला असे बाहेर उभे राहणे सोपे नसते. म्हणूनच सर्वच मोठे खेळाडू चांगले प्रशिक्षक होत नाहीत.

बचावपटूला मात्र एक गोष्ट आधीपासून साधलेली असते. तो मागे उभा असतो, म्हणून सारे मैदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. आपला कोण कोठे आहे, समोरचा कोण मोकळा राहिला आहे, हे सर्वांत आधी त्यालाच दिसते. आघाडीवीराला फक्त गोल दिसतो, बचावपटूला सगळा खेळ दिसतो. प्रशिक्षकालाही नेमकी हीच नजर लागते.

संतोष ट्रॉफी ही राज्याराज्यांतील फुटबॉल स्पर्धा 1941 साली सुरू झाली. तिच्यावर बंगालची मक्तेदारी होती. आपल्याकडच्या संघांनीही ती जिंकली होती, 1954–55 मध्ये मुंबईने आणि 1963–64 मध्ये महाराष्ट्राने. पंजाबला मात्र ती कधीच मिळाली नव्हती. माहिलपूरसारख्या गावांतून खेळाडू निघत, पण ते कलकत्त्याला किंवा इतरत्र जाऊन तेथील संघांना मोठे करीत. स्वतः जर्नेलसिंग यांनी तरी दुसरे काय केले होते? आता ते आपल्या गावच्या मातीचे ऋण फेडायला परत आले होते. 1970–71 साली जालंधर येथे पंजाबने पहिल्यांदाच संतोष ट्रॉफी जिंकली. त्या यशात जर्नेलसिंग यांचा मोठा वाटा होता.

पुढे 1974–75 साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली पंजाबने पुन्हा अंतिम फेरी गाठली. सामना जालंधरलाच होता आणि समोर होता बंगालचा संघ. ज्या बंगालने जर्नेलसिंगना मोठे केले, त्याच बंगालविरुद्ध आता त्यांची मुले खेळत होती. तो सामना पंजाबने किती गोलांनी जिंकला असेल? तब्बल 6–0! पंजाबचे आघाडीवीर इंदरसिंग यांनी त्या एका स्पर्धेत 23 गोल केले.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. ज्याने सारी उमेद गोल अडवण्यात घालवली, त्याच्या हाताखालच्या संघाने गोलांचा पाऊस पाडला! यात नवल वाटते खरे. पण जाकार्ताची आठवण ठेवा. एका बचावपटूकडून गोल करून घेता येतो, हे एका शिक्षकाने तेथे दाखवून दिले होते आणि तो बचावपटू म्हणजे स्वतः जर्नेलसिंग होते. माणसाला त्याच्या जागेवरून ओळखू नये, त्याच्या अंगच्या गुणांवरून ओळखावे, हा धडा त्यांनी स्वतःच्या जखमी डोक्यावर गिरवला होता.

प्रशिक्षकपदाबरोबरच त्यांनी पंजाब सरकारच्या क्रीडा खात्यात अनेक वर्षे काम केले. चढत चढत ते त्या खात्याचे संचालक झाले. आता त्यांच्या हाती एक संघ नव्हता, साऱ्या राज्यातील खेळांचा कारभार होता. कचेरीच्या कामात टाळ्या नसतात. पण मागे राहून दुसऱ्यांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम त्यांना नवे नव्हते.

13 ऑक्टोबर 2000 रोजी कॅनडातील व्हँकुव्हर शहरात जर्नेलसिंग यांचे निधन झाले. लायलपूरपासून सुरू झालेला प्रवास पनाम, कलकत्ता, रोम, जाकार्ता आणि जालंधर असा फिरून सातासमुद्रांपलीकडे संपला. होशियारपूर जिल्ह्यातील गढशंकर या गावच्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. फुटबॉलवेड्या त्या भागात आजही मुले अनवाणी चेंडूमागे धावताना दिसतात. त्यांना जर्नेलसिंग हे नाव वेगळे शिकवावे लागत नाही.

मित्रांनो, सुरुवातीला एक प्रश्न तुमच्यावर सोपवला होता. जर्नेल पुढे असतो की मागे? आता उत्तर तुमच्या ध्यानात आले असेल. जेथे गरज असेल, तेथे तो असतो. संघाला भिंत हवी होती, तेव्हा जर्नेलसिंग मागे उभे राहिले. संघाला गोल हवा होता, तेव्हा टाके घातलेले डोके घेऊन ते पुढे गेले. आणि त्यांचे खेळण्याचे दिवस संपले, तेव्हा ते रेषेबाहेर उभे राहून दुसऱ्यांना खेळवू लागले.

पुढच्या रविवारी जुहूच्या वाळूत खेळायला जाल, तेव्हा पुन्हा तेच भांडण होईल. पुढे कोण आणि मागे कोण? त्या वेळी या मागच्या फळीच्या जर्नेलची आठवण करा. आणि कोणी मागे उभे राहायला तयार नसेल, तर एकदा तुम्हीच म्हणून पाहा, मी राहतो. तेथून सारे मैदान कसे दिसते, तेही तुम्हांला कळेल.